जुन्या मशीनला मराठी शिकवताना

सोमवार, ८ फेब्रुवारी १९६५. अकोला.

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं आहे, आणि मोठ्या कामाची नोंद असलेली बरी.

कचेऱ्यांचा कारभार मराठीत जाणार हे आता नक्की झालं. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली आम्ही सहा टायपिस्ट बसतो. त्यातल्या गोवर्धनने आज नवंकोरं मराठी मशीन आणून टेबलावर मांडलं, त्याला हार घातला आणि पेढे वाटले. मी एकच पेढा घेतला.

माझं मशीन इंग्रजी. एका गोऱ्या कापूस कंपनीच्या लिलावात १९४३ साली घेतलेलं. बावीस वर्षांत एकदा दगा नाही. असं मशीन फेकून द्यायला मी काही गोवर्धन नव्हे. इंग्रजी अक्षरांचे खिळे उपटायचे, मराठी खिळे बसवायचे. हाड तेच, नुसती जीभ बदलायची. आठ दिवसांचं काम.

घरी बायकोला, सिंधूला, सांगितलं. तिने विचारलं, तुम्हाला सोल्डरिंग येतं का. मुद्दा सोडून बोलायची तिची सवय जुनी आहे.

सोमवार, १५ फेब्रुवारी

पहिलं मराठी गिऱ्हाईक. माणिकबाई, पातूरची माळीण. रस्त्याला लागून दीड एकराचा मळा. वांगी, मेथी, बांधावर शेवंती. नवरा गेल्यापासून एकटी करते. आता रस्ता रुंद होणार आहे आणि मोजणीवाल्यांची खूण तिच्या विहिरीच्या मधोमध आली आहे. हरकतीचा अर्ज सोमवार, १५ मार्चपर्यंत भूसंपादनाच्या कचेरीत पोचला पाहिजे. पुढचं कुणी ऐकून घेणार नाही.

अर्ज मराठीतच पाहिजे म्हणाली. नवरा वारला तेव्हा कुणीतरी इंग्रजीत कागद करून तिचा अंगठा घेतला होता. त्यात काय होतं ते तिला वर्षाने कळलं. म्हणाली, महाराज, मले वाचता येत नाई, पन काय लिवलं ते मले आयकू तं आलं पायजे. हातानं लिवून द्या न, होऊन जाते.

मी समजावलं की हाताच्या कागदाला वजन नसतं, साहेब टाईप बघतात. आठ दिवसांत टाईप करून देतो. या मशीनमधला पहिला मराठी अर्ज तिचा. तिला त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. मसुदा मात्र तिथेच पेन्सिलीने करून मशीनखाली ठेवला. भाषा उत्तम जमली आहे.

ते 'महाराज' मला खटकतं. आमचे वडील, नाना, जन्मभर बोरूने पत्रिका लिहीत बसले. लोक दारात येऊन महाराज म्हणायचे आणि सुपात तांदूळ घालून जायचे. माझं अक्षर त्यांनी छड्या मारून घोटवलं होतं. मशीन घेतलं त्या दिवशी मी बोरू आडातच टाकला आणि अक्षर मुद्दाम बिघडू दिलं. आज ही वही माझी मलाच वाचता येते. टायपिस्टाला अक्षर लागत नाही.

गुरुवार, १८ फेब्रुवारी. अमरावती.

बडनेऱ्याला गाडी बदलून आलो. सहदेव मिस्त्री टाईपरायटर दुरुस्त करतो, स्वतः कमी बोलतो असं ऐकलं होतं, ते खोटं निघालं. त्याच्याकडे मोडक्या मराठी मशीनचे खिळे मिळाले. बदल्यात माझे इंग्रजी खिळे देऊन टाकले. मागे वळून बघायचंच नाही, मग जपून कशाला ठेवायचे?

मात्रेच्या कळांबद्दल तो काहीतरी सांगू लागला होता. गाडीची वेळ झाली होती. बाकी मला माहीत आहे असं सांगून निघालो.

रविवार, २१ फेब्रुवारी

सकाळी ७ पासून सोल्डरिंग. घरची शेगडी, घरचा चिमटा. अंगठ्याला आणि दोन बोटांना भाजलं. ती टायपिंगची बोटं, म्हणजे काही दिवस सात बोटांनी काम चालवावं लागेल. चालवू.

जेवायला सिंधूने चिमटा मागितला. दिला नाही. पोळ्या हाताने उलटल्या तिने. तिला भाजत नाही, सवय आहे.

बुधवार, २४ फेब्रुवारी

संध्याकाळी ५. खिळे बसले. चार अक्षरं डावीकडे कलली आहेत, पण कागद थोडा तिरका धरला की सरळ दिसतात.

चाचणी घेतली. अक्षरं उमटतात. फक्त मात्रा अक्षराच्या डोक्यावर न बसता शेजारच्या घरात जाऊन बसते. उकाराचंही तेच. कारण शोधून काढलं. मराठीत जी चिन्हं वर किंवा खाली बसतात त्यांच्या वेळी कागद धरून सरकणाऱ्या कॅरेजने जागेवर थांबायचं असतं. माझं मशीन इंग्रजी शिस्तीचं, कळ दाबली की एक घर पुढे. बावीस वर्षांची सवय आठ दिवसांत कशी जाईल? घाबरायचं कारण नाही. मात्रा मारायच्या आधी बॅकस्पेस दाबून एक घर मागे यायचं. साधा उपाय.

संकल्प: शनिवारी अर्ज पूर्ण.

शनिवार, २७ फेब्रुवारी

उपाय बरोबर होता. एक ओळ अठरा मिनिटांत झाली. दुसऱ्या ओळीला बॅकस्पेसची दांडी तुटली. दोष उपायाचा नाही, दांडीचा आहे.

गोवर्धन बघत होता. चहाचा कप घेऊन आला आणि म्हणाला, हरिहरभाऊ, त्या मावशीचा कागद इकडे द्या, अर्ध्या घंट्यात मारून देतो, पैशाचं नाव काढू नका. मी म्हटलं, माझं गिऱ्हाईक मी बघतो. म्हणाला, बापा, तुमचं गिऱ्हाईक कोण नेऊन राहिलं, तिची ईर जाऊन राहिली न. ईर म्हणजे त्याच्या भाषेत विहीर.

कप तसाच ठेवला त्याचा. मग थंड झाल्यावर प्यालो.

सोमवार, १ मार्च

शिवरात्रीची सुट्टी. उपासाने डोकं चांगलं चालतं. मशीन उलटं करून पाहिलं. कॅरेज पुढे नेणारं एक दातेरी चक्र आहे, त्यात एक दात अडकतो आणि सुटतो. तो दात जरा कमी केला की कॅरेज मात्रेपुरतं थांबेल. कानशीने घासला.

दुपारी ३. थांबलं. आता सगळ्याच अक्षरांना थांबतं. 'मेहेरबान साहेब' एवढं सगळं एका जागी उमटलं आणि कागदाला भोक पडलं. तरी प्रगती आहे. थांबणं जमलं, फक्त पुढे जाणं राहिलं.

गुरुवार, ४ मार्च

छत्रीची स्प्रिंग काढून कॅरेजला लावायचं ठरवलं. सकाळपासून मशीन मांडीवर. दोन्ही हात आत अडकलेले आणि नेमकी तेव्हाच सिंधू येऊन उभी राहिली आणि काहीबाही सांगू लागली. माणिकबाई घरी आली होती, विहीर, अर्ज, असं काहीतरी. मी हं म्हटलं. ती अजून बोलत होती. मी पुन्हा हं म्हटलं. स्प्रिंग ताणून धरलेली असताना माणसाशी बोलू नये हे तिला कुणी शिकवलंच नाही.

स्प्रिंग बसली. छत्री गेली, पण पावसाला अजून अवकाश आहे.

शनिवार, ६ मार्च

कॅरेज आता पुढे जातं. एका दमात जातं. पहिलीच कळ दाबली आणि घंटा वाजवत थेट शेवटाला गेलं, तिथून गोवर्धनच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या पाडला. आवारातली माणसं हसली. कोर्टात येणाऱ्यांना करमणूक कमी असते, तेव्हा समजू शकतो.

देशमुख वकिलांचा कारकून इंग्रजी दावा टाईप करायला आला होता. इंग्रजी बंद झालं म्हणून सांगितलं. त्याने कागद गोवर्धनच्या शेजाऱ्याला दिला. या आठवड्यात असे सहा जण.

माणिकबाईचा मसुदा मशीनखाली सापडत नाही. सिंधूने केर काढताना टाकला असणार. विचारलं नाही, कारण विचारलं की ती चिमट्याचा विषय काढते. मसुदा मला पाठ आहे.

बुधवार, १० मार्च. अमरावती.

मशीन पोत्यात बांधून गाडीने आणलं. बडनेऱ्याला हमालाने विचारलं, आत काय मेलं आहे का. मी पोत्याची गाठ घट्ट केली.

सहदेव मिस्त्रीने मशीन उघडलं आणि घासलेला दात बोटाने चाचपला. मग म्हणाला, बाबूजी, मात्रेच्या कळा मशीनच्या जन्मापासून वायल्या, म्हंजे येगळ्या असतात, मांगून लावता येत नाईत. हेच सांगत होतो तं तुमी गाडी धरली. अन् हा दात काहून घासला? आता हे मराठीबी नाई अन् इंग्रजीबी नाई. मी माझे जुने इंग्रजी खिळे परत मागितले. ते त्याने दुसऱ्या मशीनला लावून बुलढाण्याला पाठवले होते.

एकूण माणूस जुन्या वळणाचा. नवीन प्रयोगाची कदर नाही.

परतीच्या गाडीत पोतं मांडीवर घेऊन बसलो. पाच दिवस हातात आहेत. भरपूर.

शनिवार, १३ मार्च

वेळापत्रक आखलं. रविवारी सकाळी ६ ते १० दात. १० ते १२ स्प्रिंग. दुपारी अर्ज. सोमवारी ११ ला कचेरी उघडताच दाखल. गोवर्धनसमोरून मुद्दाम जायचं.

रविवार, १४ मार्च

दात मोडला.

सोमवार, १५ मार्च

हे लिहितोय तेव्हा साडेसहा वाजले आहेत. जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहितो.

सकाळी गोवर्धनकडे गेलो. होय, गेलो. तो बार्शीटाकळीला मेहुणीच्या लग्नाला, मशीनला कुलूप. बाकीच्या चौघांकडे अजून इंग्रजीच. मग हाताने लिहायला बसलो. पाठ असलेला मसुदा तिसऱ्या वाक्याला विसरलो. विहीर गट नंबर कितीत आहे ते आठवेना. चार कागद फाडले. पाचवा लिहून झाला आणि माझा मलाच वाचता येईना. सहावा अगदी सावकाश काढला, एकेक अक्षर, शाळेतल्यासारखं. तो घेऊन पळत कचेरीत पोचलो तर पाच वाजून सात मिनिटं. खिडकी बंद. शिपायाने लांबूनच हात हलवला.

कागद खिशात आहे. त्याच्यावर माणिकबाईचा अंगठासुद्धा नाही, हे आत्ता घरी आल्यावर लक्षात आलं.

मंगळवार, १६ मार्च

कारणं काढून ठेवली आहेत. एक, सहदेव मिस्त्रीने खराब माल दिला. दोन, गोवर्धन आयत्या वेळी लग्नाला गेला. तीन, नोटिशीची मुदतच कमी होती. तिन्ही पटण्यासारखी आहेत. मी माणिकबाई होऊन ती स्वतःला सांगून पाहिली. एकही पटलं नाही.

तिला पंचवीस वेळा म्हणता आलं असतं, हाताने लिहून द्या. ती एकदाच म्हणाली. माझ्यावर विश्वास ठेवून पातूरला परत गेली आणि वांग्यांना पाणी देत बसली. त्याच विहिरीचं.

हे मी केलं. मशीनने नाही. आज जेवण गेलं नाही.

बुधवार, १७ मार्च

घरोघरी होळीची तयारी. सिंधूने पुरण घातलं. माझ्याकडे दोनदा बघितलं आणि विचारलं, बरं नाही का. पित्त झालंय म्हटलं.

पातूरला जाऊन सांगावं असं ठरवलं. एस.टी. स्टँडपर्यंत गेलो. पातूरची गाडी लागली होती. कंडक्टरने दोनदा पातूर पातूर असं ओरडून माझ्याकडे पाहिलं. गाडी गेल्यावर घरी आलो. सणाच्या दिवशी कुणाला वाईट बातमी देऊ नये.

शुक्रवार, १९ मार्च

सकाळी ९. दारात माणिकबाई. डोक्यावर टोपली. मी न्हाणीघरात गेलो आणि कडी लावली.

आतून सगळं ऐकू येत होतं. ती सिंधूला सांगत होती की कचेरीतून तारीख आली, एकोणतीस मार्च, सायबापुढं जायचं. अन् काकू, ही वांगी तुमच्यासाठी, पयल्या तोडीची. सिंधू म्हणाली, कशाला आणलीत एवढी. मग दोघी बसून बोलत राहिल्या. मी तांब्याभर पाणी अंगावर ओतलं, आवाज व्हावा म्हणून.

ती गेल्यावर बाहेर आलो. सिंधूने सांगितलं ते असं. चार तारखेला माणिकबाई घरी आली. मी मशीन मांडीवर घेऊन बसलो होतो. मशीनखालचा माझा मसुदा सिंधूने कसाबसा लावून वाचून दाखवला तर माणिकबाई म्हणाली, हे काय लिवलं, यात माझी ईर कुठं हाय. म्हणून सिंधूने तिला बोलायला सांगितलं आणि ती बोलेल तसं उतरवून घेतलं. बोरूने. नानांनी सुनेलाही अक्षर घोटवलं होतं. मी आडात टाकलेला बोरू एकच होता, नानांचा बोरूंचा गठ्ठा तिने देव्हाऱ्याखाली जपून ठेवला आहे. लिहून झाल्यावर दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, मग अंगठा घेतला. माणिकबाईने त्याच दुपारी कागद कचेरीत देऊन शिक्का मारून घेतला.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. म्हणाली, सांगितलं न. तुम्ही दोनदा हं म्हणालात.

वही मागे उलटून पाहिली. दोनदाच आहे.

देवा, विहीर वाचण्याची आशा आहे. डोळ्यात पाणी आलं ते लिहून ठेवतो, कारण खोटं लिहिण्यात आता अर्थ नाही.

संध्याकाळी ६. शांतपणे विचार केला. मसुदा मुळात माझा होता. वरचं 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' आणि खालचं 'सबब हा अर्ज' सिंधूने जसंच्या तसं घेतलं आहे. म्हणजे चौकट माझी.

सोमवार, २९ मार्च

माणिकबाईसोबत सल्लागार म्हणून गेलो. तिने बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी माणूस लागतो.

साहेब तरुण आहे. त्याने अर्ज समोर धरून सगळ्यांपुढे मोठ्याने वाचला. माझ्या मालकाने ही विहीर स्वतः खोदली. सात वर्षं लागली. शेवटच्या उन्हाळ्यात पाणी लागलं आणि त्याच पावसाळ्यात ते गेले. वस्तीतली अकरा घरं इथे पाणी भरतात, त्यांची नावं खाली दिली आहेत. मळा घ्या, विहीर सोडा. माणिकबाई हात जोडून उभी होती आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. आपलाच कागद तिला पहिल्यांदा परक्या तोंडून समजत होता.

माझ्या मसुद्यात विहिरीला एक शब्द होता, 'जलसाधन'.

मग साहेबाने विचारलं, इतकं सुंदर अक्षर कुणाचं. माणिकबाई म्हणाली, या महाराजाच्या घरचं हाय. साहेब माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, वा. मी मान किंचित झुकवली. नाही म्हणालो नाही. एवढ्या लोकांत साहेबाला दुरुस्त करणं बरं दिसलं नसतं.

त्याने टाक माझ्या हातात दिला. म्हणाला, मोजणी पाहायला आम्ही येत्या गुरुवारी पातूरला येतो, तेवढी एक ओळ खाली तुमच्याच अक्षरात वाढवा, कागद एकसारखा राहील.

लिहिली.

साहेबाने कागद उचलला, पाहिला, मग जरा दूर धरून पाहिला. कारकुनानेही पाहिला. साहेबाने शाई टिपली आणि कागद फायलीत ठेवला. माणिकबाईला वाचता येत नाही, पण वरच्या ओळी आणि खालची ओळ एका हाताच्या नाहीत एवढं दिसायला वाचता यावं लागत नाही. पायऱ्या उतरताना ती म्हणाली, महाराज, काकूले आनाले पायजे होतं.

खरं आहे.

मंगळवार, ६ एप्रिल

खूण विहिरीपासून सरकवली. शेवंतीचा बांध आणि वांग्यांचे दोन वाफे जाणार. माणिकबाईने सांगितलं, जाऊ द्या, पानी ऱ्हायलं.

आज सकाळपासून घरी चार माणसं येऊन गेली. दोन पातूरची, एक बार्शीटाकळीचं, एक गोवर्धनने पाठवलेलं. दारातूनच विचारतात, काकू हाय का. मी आत सांगतो. सिंधू ओसरीवर माझ्या वेताच्या खुर्चीत बसते, आधी माणसाला बोलू देते, मग लिहिते, मग वाचून दाखवते. मशीन कोपऱ्यात आहे. सुकायला ठेवलेले कागद उडू नयेत म्हणून सिंधू त्यांच्यावर त्याचं कॅरेज ठेवते. वजन चांगलं आहे, हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

बोरूला टोक काढणं हे मात्र माझ्याकडे आहे. लोकांना वाटतं लिहिणं अवघड. खरं कसब टोकात असतं, चाकूचा कोन, मधली चीर, सगळं नानांनी शिकवलेलं, हात विसरत नाही. माझ्याशिवाय हे काम चालणार नाही याची सिंधूला जाणीव आहे, फक्त ती बोलून दाखवत नाही.

आज सहा बोरू केले. तिने तपासून चार परत दिले.